कोणता पिच्चर बघू? नंदुरबारच्या प्रेक्षकासाठी सिनेमा निवडण्याची रीत

‘एखादा चांगला पिच्चर सांगा ना’ ही मागणी नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापुरात रोज कुणी ना कुणी कुणापुढे तरी ठेवत असतं. सांगणारा बहुतेक वेळा विचारणाऱ्याकडे न बघताच उत्तर देतो. स्वतःला जो आवडला तो सांगतो, नाहीतर ज्याची सध्या हवा आहे तो. रात्री जेवणं आटोपल्यावर सिनेमा लागतो, अर्ध्या तासात एकेक जण उठतो आणि ‘असले पिच्चर आपल्याला नाही जमत’ एवढ्यावर विषय मिटतो. ज्यांना एखादा सिनेमा आयुष्यभर पुरला असता, त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. चित्रपटगृहं मोजकी, महोत्सव पुण्या-मुंबईला, अशा जिल्ह्यात योग्य माणसाला योग्य सिनेमा सांगणं हे मोलाचं काम आहे. ते कसं करावं आणि इथल्या कुणाला काय सुचवावं, त्याची ही मांडणी.

आवड विचारायची कशी

नंदुरबारच्या मिरची बाजारात नुसतं ‘चांगली मिरची द्या’ म्हणून भागत नाही. रंगाला हवी की तिखटाला, हे आधी सांगावं लागतं. सिनेमाच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच आहे. ‘तुम्हाला कसले सिनेमे आवडतात?’ असं विचारलं की ‘मारामारीचे’, ‘कॉमेडी’, ‘फॅमिली’ अशी उत्तरं येतात आणि त्यातून हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी शेवटचा कोणता सिनेमा फोन हातात न घेता पूर्ण पाहिला ते विचारावं. कोणता अर्ध्यावर सोडला आणि नेमका कुठे सोडला, हे तर जरूर विचारावं. कुणी रक्त दिसल्यावर उठतं, कुणी बाईला मारहाण सुरू झाल्यावर, कुणी दोन मिनिटं कुणीच बोलत नाही तेव्हा. ही तीन माणसं अगदी वेगळी आहेत, एरवी तिघंही ‘फॅमिली’ असंच उत्तर देतील.

‘सैराट’चं उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे यांचा हा २०१६ चा सिनेमा आवडला नाही असा माणूस खानदेशात शोधावा लागेल. पण आवडला म्हणजे काय आवडलं? एकाला पूर्वार्ध आवडलेला असतो: विहिरीतल्या उड्या, बुलेटवरची आर्ची, परश्याचे दोस्त, गाणी. दुसऱ्याच्या मनात उत्तरार्ध घर करून बसलेला असतो: हैदराबादची झोपडपट्टी, दोघांची पहिली भांडणं, हळूहळू उभा राहणारा संसार आणि शेवटचा तो आवाज नसलेला प्रसंग. पहिल्याला ‘टाइमपास’ किंवा ‘दुनियादारी’ सांगावा, तो खूश होईल. दुसऱ्याला मंजुळेंचाच ‘फँड्री’ सांगावा, नाहीतर शिवाजी लोटन पाटील यांचा ‘धग’, ज्यातल्या कामासाठी उषा जाधवला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही अदलाबदल झाली की दोघंही नाराज होतात.

आणखी दोन गोष्टी आधी कळायला हव्यात. सोबत कोण बसणार आहे आणि आज मनाची तयारी किती आहे. दिवसभर मिरची वाळवण्याच्या पथारीवर देठ खुडून आलेल्या बाईला रात्री रडवणारा सिनेमा सांगणं हा अविचार आहे, तो सिनेमा कितीही थोर असो. तोच सिनेमा सुट्टीच्या दुपारी ती स्वतःहून बघेल.

यंत्र काय करतं

फोनवरच्या प्रत्येक सिनेमा-सेवेत ‘तुमच्यासाठी’ अशी एक रांग असते. तिच्यामागे ढोबळपणे दोन युक्त्या असतात. पहिली सिनेमाकडे बघते: भाषा, कलाकार, दिग्दर्शक, प्रकार जुळला की पुढचा सिनेमा सुचवते. दुसरी बघणाऱ्यांकडे बघते. तुम्ही आणि दुसऱ्या कुणीतरी दहा सिनेमे सारखेच पाहिले असतील, तर त्याने पाहिलेला अकरावा तुमच्यापुढे येतो. त्यात काय आहे हे यंत्राला कळण्याची गरजच नसते.

ही दुसरी युक्ती किती दूर जाऊ शकते, याची मोठी परीक्षा नेटफ्लिक्सने घेतली. २००६ मध्ये कंपनीने सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० सिनेमांना दिलेले १० कोटींहून अधिक गुण संशोधकांपुढे ठेवले आणि आमच्या यंत्रापेक्षा १० टक्के अचूक अंदाज करणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ, असं जाहीर केलं. जगभरचे गणिती त्यामागे लागले. बक्षीस २००९ मध्ये दिलं गेलं, म्हणजे दहा टक्क्यांसाठी तीन वर्षं गेली. ‘नेपोलियन डायनामाइट’ नावाचा एक छोटा विनोदी सिनेमा तर स्पर्धकांची डोकेदुखी झाला होता. लोक त्याला एकतर डोक्यावर घेत किंवा पार झिडकारत, आणि कोण काय करेल हे आधीच्या आवडीवरून कळेना. मराठीत चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ याच जातीचा आहे. एका लोकशाहीराचा खटला, लांबलेल्या तारखा, एका जागी ठेवलेला कॅमेरा. एकाच घरातला भाऊ तो श्वास रोखून बघतो आणि दुसरा पंधरा मिनिटांत झोपतो.

यंत्राची दुसरी अडचण आपल्याला जास्त भोवते. ज्या सिनेमाला बघणारेच थोडे, त्याच्याबद्दल यंत्राकडे माहितीही थोडी. म्हणून ते तो कमी दाखवतं, म्हणून तो आणखी कमी पाहिला जातो. लहान मराठी सिनेमा, माहितीपट, अहिराणी किंवा भिलीतली निर्मिती या फेऱ्यात अडकते. ती बाहेर काढायला माणूसच लागतो.

एक फोन, सगळं घर

शहाद्याच्या एखाद्या घरातला फोन हातात घेऊन त्यावरची रांग नीट बघा. वर अहिराणी कॉमेडी, कारण ती आजोबांनी पाहिली. त्याखाली लहानग्याचं कार्टून. मग दक्षिणेतला हिंदीत डब केलेला मारधाडीचा सिनेमा, तो मोठ्या मुलाचा. मध्येच रेसिपी, मग कीर्तन, मग गुजराती नाटक, कारण मामी सुरतेची. यंत्राला हे सगळं एकाच माणसाचं वाटतं आणि ते अशा माणसाला सिनेमा सुचवू बघतं जो अस्तित्वातच नाही. जमत असेल तर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करावं, लहान मुलांचं तर करावंच. घरात हे काम सहसा कॉलेजातल्या मुलाकडे किंवा मुलीकडे येतं. त्यांनी आजीचंही प्रोफाइल करावं. आजीला स्वतंत्र आवड असते, हे बऱ्याच घरांत कुणाच्या ध्यानातच आलेलं नसतं.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: रेंज. तिथे राहणाऱ्याला सिनेमा सांगायचा तर तो सपाटीवर असताना, घाट चढण्याआधी सांगावा, म्हणजे तो डाउनलोड करून नेता येईल. आणि एकाच वेळी दहा नावं देऊ नयेत. दोन पुरतात.

भाषेचा अडसर आणि भाषेची गोडी

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सरकारी कागदावर मराठी आहे. घराघरांत मात्र अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, मावची, कोकणी बोलली जाते आणि सीमेवर गुजराती. २०११ च्या जनगणनेनुसार इथली जवळजवळ ७० टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. आश्रमशाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलाला प्रमाण मराठी ही शिकावी लागणारी भाषा असते. त्याच्यापुढे पुणेरी संवादांचा खुसखुशीत सिनेमा ठेवला तर तो नुसता चेहरे बघत बसतो.

अशा मुलांसाठी कमी बोलणारे सिनेमे निवडावेत. चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ १९२१ चा आहे आणि त्याला कुठलीच भाषा आड येत नाही. अल्बेर लामोरिस यांचा ‘द रेड बलून’ अवघ्या ३४ मिनिटांचा आहे: पॅरिसच्या गल्लीबोळांत एका मुलामागे लाल फुगा फिरतो, बस. एका तासिकेत बसतो आणि मुलं त्याबद्दल स्वतःच्या भाषेत भडाभडा बोलतात. थोड्या मोठ्यांना कमल हासनचा ‘पुष्पक’ दाखवावा. १९८७ च्या या सिनेमात एकही संवाद नाही. इराणच्या माजिद माजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ सबटायटलसह येतो, पण हरवलेल्या बुटांच्या जोडीची बहीण-भावाची काळजी वाचल्याशिवाय कळते. शिक्षकाने सुरुवातीला दोन वाक्यांत गोष्ट सांगितली की काम होतं.

उलट बाजूने, भाषेची ओढ हीच आवड असलेले लोकही भरपूर आहेत. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या तोंडपाठ असलेल्या खानदेशी आजीला अनंत माने यांचा ‘मानिनी’ सांगावा. १९६१ च्या या सिनेमात बहिणाबाईंच्या कविता गाणी होऊन आल्या आहेत. बहिणाबाईंच्या असोद्याची ती बोली पडद्यावरून ऐकताना आजी गोष्टीचे दोष सहज माफ करते.

नर्मदेकाठच्या माणसाला काय सांगावं

सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. मणिबेलीपासून सुरू होणारी ही गावं आणि तळोद्याकडे वसवलेल्या वसाहती, यांत वाढलेल्या माणसाला धरणाचा सिनेमा सांगताना सांभाळून सांगावं लागतं. त्याला ‘हा तुमच्याच दुःखाचा पिच्चर’ म्हणून काही देऊ नये. ते त्याला ठाऊक आहे. पण आपल्यासारखं आणखी कुठे कुणाचं झालं, त्यांनी काय केलं, हे बघण्याची उत्सुकता फार लोकांना असते आणि त्या उत्सुकतेला जागतिक सिनेमात उत्तम उत्तरं आहेत.

सर्वांत आधी जिया झांग-के या चिनी दिग्दर्शकाचा ‘स्टिल लाइफ’. २००६ मध्ये त्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. थ्री गॉर्जेस धरणासाठी रिकामं होत चाललेलं एक जुनं शहर. भिंतींवर पाणी कुठवर चढेल त्याच्या खुणा रंगवलेल्या. आणि त्या पडझडीत एक खाणकामगार वर्षानुवर्षं न भेटलेल्या बायकोचा पत्ता शोधतोय. त्याने जपलेल्या पत्त्यावरची वस्ती पाण्याखाली गेलेली आहे. भाषणं नाहीत, घोषणा नाहीत. हातोड्यांनी इमारती पाडणारे उघडे मजूर, त्यांची सिगारेट, त्यांचं एकत्र जेवण एवढंच कॅमेरा बघत राहतो. ज्याने आपल्या गावाची हद्द पाण्यावरून बोट दाखवत कुणाला समजावली आहे, त्याला हा सिनेमा संथ वाटणार नाही. इतरांना वाटेल, आणि त्यांना तसं आधीच सांगावं.

ज्याला सरळ गोष्ट, ठसठशीत माणसं हवीत त्याच्यासाठी एलिया कझान यांचा ‘वाइल्ड रिव्हर’ आहे, १९६० चा. टेनेसी नदीवर धरण होतंय, सरकारी अधिकारी बेट खाली करवून घ्यायला येतो आणि एला गार्थ नावाची म्हातारी जागची हलत नाही. अधिकारी दुष्ट नाही, म्हातारी वेडी नाही. दोघांचंही म्हणणं आपल्याला पटत जातं, हे या सिनेमाचं बळ. मराठीत तर प्रभातने १९४१ मध्येच ‘शेजारी’ काढला. व्ही. शांताराम यांच्या या सिनेमात धरण बांधू पाहणारा धनिक गावातल्या दोन जिवलग शेजाऱ्यांत, एक हिंदू आणि एक मुसलमान, फूट पाडतो. आपल्याकडे हा सिनेमा धार्मिक सलोख्यासाठीच आठवला जातो. धरणाच्या अंगाने तो नंदुरबारात बघितला गेला पाहिजे. आणि ज्याला प्रत्यक्ष आपल्याच खोऱ्याचा इतिहास बघायचा आहे, त्याला आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) सांगावा. तो झाला तेव्हा ही गावं धुळे जिल्ह्यात होती. माहितीपट एका बाजूने उभा आहे आणि ते लपवत नाही. बघणाऱ्याने ते धरूनच बघावं.

याच खोऱ्यातली दुसरी गोष्ट उजेडाची आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’मध्ये (२००४) नासातला अभियंता मोहन भार्गव गावकऱ्यांना घेऊन ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार करतो. बल्ब पेटतो तेव्हा कॅमेरा एका सुरकुतलेल्या म्हातारीच्या चेहऱ्यावर जातो, आणि तो प्रकाश तिच्या डोळ्यांत उतरताना दिसतो. सिनेमाचं चित्रण वाईजवळच्या मेणवलीत झालं. पण त्या विजेच्या कल्पनेमागे आपल्या अक्राणी तालुक्यातलं बिलगाव आणि तिथे काम करणारे रवी कुचिमंची असल्याचं सर्वत्र लिहिलं-सांगितलं गेलं आहे. बिलगावात नदीच्या धारेवर छोटा वीजप्रकल्प गावकऱ्यांच्या श्रमदानातून उभा राहिला होता. पडद्यावर नायक एक आहे, बिलगावात हात अनेक होते. हा फरक सांगून ‘स्वदेस’ दाखवला तर इथल्या तरुणांना तो जास्त आवडेल, असं माझं ठाम मत आहे.

मतदान ड्युटी केलेल्यांसाठी

हा प्रेक्षकवर्ग आपल्या जिल्ह्यात हमखास भेटतो. महाराष्ट्राचा पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ अक्कलकुवा आणि त्यातलं पहिलं केंद्र मणिबेली. यंत्रं घेऊन बोटीने जाणारे कर्मचारी दर निवडणुकीत वर्तमानपत्रात दिसतात. ज्या शिक्षकाने, तलाठ्याने, ग्रामसेवकाने अशी ड्युटी केली आहे, त्याला अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ (२०१७) डोळे मिटून सांगा. छत्तीसगडच्या जंगलातलं ७६ मतदारांचं केंद्र, नियमावर बोट ठेवणारा राजकुमार राव, कंटाळलेला सुरक्षा अधिकारी पंकज त्रिपाठी आणि या दोघांपेक्षा जंगलाला जास्त ओळखणारी स्थानिक शिक्षिका मलको. ही भूमिका नाशिकच्या अंजली पाटीलने केली आहे. मतदार येण्याची वाट बघत शाळेच्या पडक्या खोलीत बसलेली ती माणसं, त्यांचं घड्याळाकडे बघणं, जेवणाचा डबा! ड्युटी केलेला माणूस पाच मिनिटांत मान डोलवायला लागतो. आवडला तर पुढे बाबक पयामी यांचा इराणी ‘सीक्रेट बॅलट’ आहेच.

मिरचीच्या गावाला ‘मिर्च मसाला’

नंदुरबार लाल मिरचीसाठी ओळखलं जातं, हंगामात पथाऱ्यांवर पसरलेली लाली दूरवरून दिसते. केतन मेहता यांचा १९८७ चा ‘मिर्च मसाला’ घडतो तो मिरची कुटण्याच्या कारखान्यात, इंग्रजी अमदानीतल्या गुजरातेत. सुभेदारापासून पळालेली सोनबाई कारखान्यात शिरते, म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो आणि आतल्या बायांनी काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. शेवटी हातात असते ती मिरचीपूडच. खाकरण्याचा, नाक-डोळे चुरचुरण्याचा अनुभव ज्यांच्या अंगवळणी आहे, त्या बायकांना हा शेवट इतर कुणाहीपेक्षा जास्त कळेल. सोनबाई झालेली स्मिता पाटील ही शेजारच्या शिरपूरचे शिवाजीराव पाटील यांची लेक. तिचं १३ डिसेंबर १९८६ ला निधन झालं आणि हा सिनेमा त्यानंतर प्रदर्शित झाला. ज्यांना ती यात भावली, त्यांच्यासाठी पुढची पायरी ‘उंबरठा’.

आदिवासी माणूस पडद्यावर

इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. भारतीय सिनेमात आदिवासी माणूस बहुधा दोनच रूपांत येतो: होळीभोवती नाचणारा किंवा अन्याय मुकाट सोसणारा. काठीची राजवाडी होळी ज्याच्या घरचा सण आहे, त्याला हे बघताना काय वाटत असेल याचा विचार शिफारस करणाऱ्याने केलाच पाहिजे. वाहरू सोनवणे यांच्यासारखा शहादा परिसरातला कवी आदिवासींची गोष्ट आदिवासींनीच सांगावी असं लिहिल्यावर तर जास्तच.

तरीही बघण्यासारखं आहे. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. सह्याद्रीतल्या ठाकरांची ही गोष्ट. भगताचा पोर नाग्या राणीमाशीमुळे डोळा गमावतो आणि डोंगरावरची पोळी उतरवण्याची शपथ घेतो. त्याच्या मागे चिंधी, म्हणजे पुन्हा स्मिता पाटील. गाण्यांवर प्रेम करणाऱ्याला हा सिनेमा निःशंक द्यावा, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत हाच त्याचा प्राण आहे. मध काढण्याचं काम जवळून पाहिलेला सातपुड्यातला माणूस मात्र काही गोष्टींवर हरकत घेईल. त्याची हरकत ऐकून घ्यावी, ती मोलाची असते. गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ (१९८०) ताकदीचा आहे, पण ओम पुरींचा लहान्या भिकू जवळजवळ पूर्ण सिनेमाभर बोलत नाही. तो शहरी वकिलांना, अधिकाऱ्यांना जरूर सुचवावा. आदिवासी तरुणाला पहिला सिनेमा म्हणून मी तो सांगणार नाही.

त्याला मी ‘टेन कनूज’ सांगेन. २००६ चा हा ऑस्ट्रेलियन सिनेमा तिथल्या मूळनिवासींच्या भाषांत आहे, कलाकार त्याच वस्तीतले आहेत आणि गोष्ट सांगण्याची रीतही त्यांचीच: मध्येच थांबून थट्टा करणारी, फांद्या फुटत जाणारी. यात रडगाणं नाही. माणसं भांडतात, हसतात, चावट बोलतात, चुकतात. रात्री शेकोटीजवळ गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाला त्यात परकं काही वाटत नाही.

मालेगावची वाट

हातात फोन घेऊन अहिराणीत कॉमेडी व्हिडिओ बनवणारी मुलं आज गावोगाव आहेत. त्यांना सिनेमा सांगायचा तर शेजारचं मालेगाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला, तुटपुंज्या पैशांत, यंत्रमागावर काम करणाऱ्या दोस्तांना घेऊन. पुढे त्यांचा सुपरमॅनवरचा सिनेमा बनत असताना फैझा अहमद खान यांनी केलेला माहितीपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) पाहा. यंत्रमाग कामगार शफीक सुपरमॅन होतो, हिरव्या कापडापुढे आडवा होऊन उडतो, आणि हे सगळं जमवणाऱ्या माणसांचा सिनेमावरचा जीव बघून डोळे भरतात. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ ला आला. तो चांगलाच आहे, पण आधी माहितीपट बघावा. खरा शफीक पाहिल्यावर नट कितीही कसलेला असला तरी दुसऱ्या जागी बसतो.

घरातल्या बाकीच्यांसाठी, थोडक्यात

बदली होऊन नंदुरबारला आलेल्या कुटुंबातलं मूल नव्या शाळेत एकटं पडलं असेल तर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. वडील गेलेले, आईची बदली कोकणात, मुलगा मित्र शोधतोय. आईनेही सोबत बघावा, अमृता सुभाषने केलेली आई तिच्याशी बोलेल. आठ-दहा वर्षांच्यांना ‘एलिझाबेथ एकादशी’, त्यात दुःख आहे पण पंढरपूरच्या पोरांची हुशारी त्यावर मात करते. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, तिथली दुकानं आणि गर्दी ज्याने वर्षानुवर्षं पाहिली, त्या व्यापाऱ्याला किंवा सरपंचाला उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ (२०११): केशाला दत्त दिसतो, मग गावाला त्यात विकास दिसायला लागतो. श्रद्धेची टिंगल कुठे नाही, ही खात्री आधी द्यावी. वन खात्यातल्या माणसाला याच दिग्दर्शकाचा ‘वळू’, हसून हसून पुरेवाट. कामासाठी सुरतेला किंवा उसाच्या तोडीला जाणाऱ्याला बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’, पण तो गावी परतल्यावर.

मुलांसाठी निवडताना प्रमाणपत्र बघायची सवय लावून घ्यावी. आता ‘यूए’ची विभागणी ७, १३ आणि १६ वर्षांवरचे अशी होते, त्याचा उपयोग करावा.

जवळचा एक, लांबचा एक

सांगताना दोन सिनेमे सांगावेत हे आधी म्हटलंच. त्यातला एक आवडेलच असा हवा. दुसरा त्या आवडीच्या थोडा पलीकडचा, पण एका धाग्याने बांधलेला. ‘सैराट’चा उत्तरार्ध ज्याला भिडला, त्याला ‘फँड्री’ जवळचा आणि ‘दो बिघा जमीन’ लांबचा. ‘न्यूटन’ जवळचा तर ‘सीक्रेट बॅलट’ लांबचा. धागा कोणता ते एका वाक्यात सांगावं, गोष्ट मात्र सांगू नये. ‘फँड्री’बद्दल एवढंच पुरे: डुक्कर पकडण्याची धावपळ सुरू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, तिथे लक्ष दे. बघणारा त्या जागेपर्यंत तरी उठणार नाही, आणि तिथवर पोचल्यावर पुढे उठवत नाही.

सिनेमा संथ असेल तर ‘पहिली वीस मिनिटं धीर धर’ हे स्पष्ट सांगावं. ‘क्लासिक आहे’, ‘पुरस्कार मिळालाय’ अशी भलावण करू नये. तिने समोरच्यावर दडपण येतं आणि न आवडल्यास तो स्वतःलाच कमी समजतो. नाही आवडला म्हणाला तर वाद घालू नये, कुठे सोडला ते विचारावं. पुढची शिफारस त्या उत्तरातून निघते.

गावातल्या वाचनालयांना, आश्रमशाळांच्या शिक्षकांना आणि घरातल्या कॉलेजकुमारांना एकच विनंती. कपाटात एक साधी वही ठेवा. कुणी कोणता सिनेमा पूर्ण पाहिला, कोणता कुठे सोडला, एवढंच त्यात लिहा, भिलीत, अहिराणीत, मराठीत, जसं सुचेल तसं. आणि सुरुवात घरातूनच करायची असेल तर आज रात्री आजीला विचारा की तिने आयुष्यात पाहिलेला पहिला पिच्चर कोणता. तिचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.